पेस्टल एकेचाळीसची कात

“आज त्याला बाहेर काढता येणार नाही,” हातानो-सान म्हणाल्या आणि त्यांनी ड्रॉवर बंद केला.

एदोगावातल्या माझ्या घरापासून योकोहामातल्या या दुकानापर्यंत दोन ट्रेन बदलून मी आले होते, ती फक्त त्या ड्रॉवरमधलं जनावर बघायला. दारात बूट काढून दुकानातल्या सपाता घातल्या होत्या, हातांना दोनदा स्पिरिट चोळून घेतलं होतं. आणि आता ड्रॉवर बंद.

“का?” मी विचारलं.

“कात टाकायच्या तयारीत आहे. अशा वेळी हात लावायचा नाही.”

“मग कधी बघता येईल?”

“ते तो ठरवेल.”

माझ्या मनात पाल चुकचुकली. मी वीस वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. टेस्टिंग म्हणजे दुसऱ्याने केलेल्या कामात चुका काढायच्या आणि त्याबद्दल पगार घ्यायचा. समोरचा माणूस नेमकं जे दाखवायला टाळाटाळ करतो, तिथेच गडबड असते, हा माझा वीस वर्षांचा अनुभव. सासरी त्यामुळे माझी कीर्ती फारशी चांगली नाही, पण ऑफिसात याच स्वभावावर बढती मिळाली.

प्रकरण असं होतं. हे दुकान पाळीव सापांचं. इथे पुष्कळ भाड्याच्या घरांत कुत्रं-मांजर चालत नाही. साप भुंकत नाही, त्याला फिरायला न्यावं लागत नाही, आठवड्यातून एकदा जेवतो. त्यामुळे हौशी लोक साप पाळतात. आमच्या कंपनीने या दुकानाची वेबसाइट केली होती आणि मी त्या प्रोजेक्टची टेस्ट लीड. साइटवर प्रत्येक सापाचा फोटो, वर्णन आणि भेटीची वेळ ठरवायची सोय. विक्री ऑनलाइन नाही. इथला कायदाच तसा आहे. गिऱ्हाइकाने दुकानात येऊन जनावर स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं, दुकानाच्या माणसाने समोरासमोर बसून सगळी माहिती सांगायची, मगच सह्या.

आदल्या रविवारी ओसाकाहून एक गृहस्थ असेच आले. त्यांनी साइटवर एकेचाळीस नंबरचा साप पसंत केला होता. फोटोत लख्ख पिवळा, त्यावर काळीभोर नक्षी. हातानो-साननी ड्रॉवर उघडला तर आत मळकट तपकिरी जनावर. गृहस्थ म्हणाले, हा तो साप नव्हेच. अदलाबदल झालीय. ते तसेच परत गेले आणि जाता जाता ट्रेनमधूनच साइटवर तसं लिहूनही मोकळे झाले.

दुकानाचे मालक वाकुई-सान, वय चाळिशीच्या आत. दुकान त्यांच्या वडिलांनी काढलेलं. हातानो-सान वडिलांच्या वेळेपासूनच्या, साठी ओलांडलेल्या, बुटक्या, कमी बोलणाऱ्या. सापांच्या खोलीची किल्ली बावीस वर्षं त्यांच्याकडे. मालकही त्या खोलीत जाताना त्यांना विचारून जायचे.

वाकुई-साननी आमच्या मॅनेजरला, नाकानो-सानना, फोन केला. चूक वेबसाइटची की माणसाची, एवढं शोधून द्या म्हणाले. नाकानो-साननी माझ्याकडे बघितलं. “रेरे-सान, तुम्हीच जा.” माझं आडनाव लेले. जपानीत ‘ल’ नाही, म्हणून इथे त्याचं रेरे होतं. मी आता ऐकल्यावर वळते.

निघण्याआधी मी डेटा काढला होता. साइटवर साठ साप. त्यांतल्या चौदांच्या वर्णनातून एखादा चांगला शब्द मध्येच कधीतरी काढून टाकलेला. एकेचाळीसच्या पानावर आधी ‘हाय कॉन्ट्रास्ट, क्लीन’ होतं, आता नुसतं ‘क्लीन’. चौदाही वेळा लॉगिन एकच. हातानो-सानचं.

आपल्याच मालाच्या पाटीवरचा चांगला शब्द कोण काढतं? माझ्या डोक्यात गोष्ट तयार झाली. चांगलं जनावर मागच्या दाराने ओळखीच्या ब्रीडरकडे, म्हणजे सापांची पैदास करणाऱ्याकडे, जातं. त्याच्या जागी हलकं येतं. आणि मग कोणाच्या लक्षात येऊ नये म्हणून शब्द हळूच खाली आणायचा. कुत्र्याला चिप बसवतात, सापाला इथे तशी नसते. कोण ओळखणार?

खरं सांगायचं तर मला त्या शब्दांचाच पहिल्या दिवसापासून संशय होता.

आठ-नऊ महिन्यांपूर्वी, प्रोजेक्ट सुरू झाला तेव्हा हातानो-साननी मला ते समजावले होते. हे साप बहुतेक बॉल पायथन. आफ्रिकेतले, मनगटाएवढे जाड, बिनविषारी, घाबरले की चेंडूसारखे गोळा होऊन बसतात. मूळ रंग काळा-तपकिरी. काही जन्मतःच वेगळ्या रंगाचे निघतात, त्या प्रत्येक प्रकाराला मॉर्फ म्हणतात. उजळ पिवळा तो पेस्टल. मॉर्फ वंशातून येतो. त्यात वाद नाही. वाद पुढे. एकाच मॉर्फच्या दोन सापांत डावं-उजवं करायचं तर त्यासाठी वेगळे शब्द. पिवळ्या भागात काळे ठिपके नसले की ‘क्लीन’. काळं आणि पिवळं लांबूनही वेगळं दिसलं की ‘हाय कॉन्ट्रास्ट’. नक्षी कमी, मोकळी जागा जास्त, तर ‘रिड्यूस्ड’.

“किती ठिपके चालतात क्लीनमध्ये?” मी विचारलं होतं.

“नसले पाहिजेत.”

“एक असला तर?”

त्यांनी थोडा विचार केला. “कुठे आहे त्यावर.”

मी वहीत लिहिलं, व्याख्या नाही. मग आला ‘हेट’. म्हणजे सापाच्या रक्तात एखादा रंग आहे, तो पिल्लांत उतरू शकतो, पण त्याच्या स्वतःच्या अंगावर दिसत नाही. आणि त्याच्याही पुढे ‘पॉसिबल हेट’. म्हणजे दिसत तर नाहीच, आणि असेलच असंही नाही.

“मग पाटीवर लिहायचं कशाला?”

“आईबाप कोण ते आपल्याला माहीत असतं,” त्या म्हणाल्या. “माहीत आहे तेवढं लिहायचं.”

मला आमच्याकडचे स्थळांचे बायोडेटा आठवले. मुलगी निमगोरी. निमगोरी म्हणजे किती? तर मुलीच्या आईला वाटेल तितकी. मुलाचे काका अमेरिकेत. म्हणजे पॉसिबल हेट. मी मनातल्या मनात हसले आणि त्या दिवसाच्या रिपोर्टमध्ये लिहिलं, रंगाच्या ग्रेडला लेखी निकष नाही, सगळं एका व्यक्तीच्या नजरेवर आहे. हे वाक्य खोटं नव्हतं. पण त्या दिवसापासून ती एक व्यक्ती माझ्या लेखी संशयित झाली.

आणि आता ती व्यक्ती मला साप दाखवत नव्हती. खाई त्याला खवखवे, दुसरं काय.

“हातानो-सान,” मी शक्य तितक्या मऊ आवाजात म्हटलं, “साइटवरच्या फोटोतला साप हाच आहे, हे मला कशावरून कळेल?”

त्यांनी मागच्या कपाटातून पाकिटांची एक जुडी काढली आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली. “कातीचे तुकडे,” त्या म्हणाल्या. “प्रत्येक वेळचे.”

ही त्यांची स्वतःची पद्धत होती. साप मोठा होताना वरचेवर कात टाकतो. दर वेळी त्या डोक्यामागचा वीतभर तुकडा पोटाच्या बाजूने उभा कापून, सपाट करून पाकिटात घालत. वर नंबर, तारीख आणि स्वतःचा लाल शिक्का. सहीच्या जागी इथे अजून शिक्काच चालतो. सिस्टिममध्ये याची कुठेच नोंद नव्हती. कोणी विचारलंच नव्हतं.

तेवढ्यात खाली गोठवलेल्या उंदरांचं पार्सल आलं आणि त्या उतरून घ्यायला गेल्या. मी सगळ्यात वरचं, म्हणजे अलीकडचं पाकीट उघडलं. तुकडा कांद्याच्या सालीसारखा, हलका, कुरकुरीत. त्यावर नक्षी होती. फिकट, पण होती. मी तो पांढऱ्या कागदावर पसरला आणि मोबाइलवर एकेचाळीसचा साइटवरचा फोटो उघडला. डोक्यामागे डाव्या बाजूला तुटक्या बांगडीसारखी खूण, तिच्या आत दोन ठिपके.

कातीवर तशी खूण होती. पण उजव्या बाजूला.

अशा खुणा सगळ्याच बॉल पायथनच्या अंगावर असतात. जागा बदलली म्हणजे जनावर बदललं. आणि खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. टेस्टरला बग सापडल्यावर होतो तो आनंद. मी कातीचा फोटो काढला, तुकडा पाकिटात परत ठेवला, जुडी होती तशी बांधली. हातानो-सान वर आल्या तेव्हा मी त्यांना काहीही विचारलं नाही. विचारायचं काय, पुरावा माझ्या खिशात होता.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, मी रिपोर्ट दिला. दोन फोटो शेजारी शेजारी, चौदा सापांचा तक्ता, आणि शेवटी एक वाक्य, “अदलाबदलीची शक्यता नाकारता येत नाही.”

नाकानो-साननी ते तीनदा वाचलं. “रेरे-सान, हे वाक्य जाऊ द्यायचं?”

“खोटं आहे का त्यात काही?”

“नाही. म्हणूनच विचारतोय.”

गेलं. जपानी ऑफिसात कोणी कोणावर ओरडत नाही. असं एखादं सभ्य वाक्य पुरतं. शनिवारी दुपारी वाकुई-साननी मेल केला, तपास पूर्ण होईपर्यंत हातानो-साननी सापांच्या खोलीची किल्ली परत केली आहे, त्या सध्या खालच्या मजल्यावर पार्सलं बघतील. महिनाअखेरीस पुढचा निर्णय. म्हणजे निरोप समारंभ, फुलांचा गुच्छ आणि आभाराची भाषणं. बावीस वर्षांच्या नोकरीचा शेवट चोर म्हणून, आणि तो शब्द कोणीही तोंडाने उच्चारणार नाही.

मी विचारलं, त्या काही म्हणाल्या का? उत्तर आलं, “फक्त एकेचाळीसच्या डब्यातलं शेवाळ ओलं ठेवा म्हणाल्या.”

मला ते जरा जास्तच साळसूद वाटलं.

रविवारी सकाळी आईचा फोन आला. आई साताऱ्याला असते. ती साप हा शब्द तोंडातून काढत नाही, आणि मी काढलेला तिला खपत नाही.

“अजून ते लांबड्याचंच काम चाललंय का गं?”

“हो. एक भानगड निघाली.” मी तिला थोडक्यात सांगितलं. फोटोत सुंदर, प्रत्यक्षात मळकट, ओसाकाचा माणूस भडकून परत गेला.

आई एवढंच म्हणाली, “फोटो कधीचा?”

“म्हणजे?”

“म्हणजे काय? स्थळ आलं की पहिलं हेच विचारतात. तुझ्या मामाने नव्हता का कॉलेजातला फोटो पाठवलेला? मुलीकडचे घरी आले तर समोर टक्कल. तेव्हा काय दुसरा मामा आणून बसवलेला होता का आम्ही?”

मी हसले. फोन ठेवल्यावर हसू गेलं. लॅपटॉप उघडून मी एकेचाळीसचं पान बघितलं. जन्मतारीख होती. फोटोची तारीख नव्हती. साठांपैकी कुठल्याच सापाच्या फोटोखाली तारीख नव्हती. फोटो वाकुई-सान स्वतः काढायचे, पिल्लू जन्मल्यावर एकदाच, चांगल्या दिव्यांखाली. एकेचाळीस आता अडीच वर्षांचा होता.

मग मी जे आधी करायला हवं होतं ते केलं. पेस्टलचं वाढत्या वयात काय होतं, हे वाचलं. त्याचा पिवळा रंग वयाबरोबर उतरतो, तपकिरीकडे झुकतो. काही कमी, काही जास्त, पिल्लूपणी सांगता येत नाही. बनाना नावाचा मॉर्फ केळ्यासारखा पिवळा जन्मतो आणि मोठा होताना अंगावर काळे ठिपके येत राहतात. जन्मताना क्लीन, दोन वर्षांनी क्लीन नाही. आणि कात टाकण्याआधी कुठलाही साप काही दिवस मळकट, धुरकट दिसतो. डोळेसुद्धा दुधाळ निळे होतात. हे सगळं पाळणाऱ्यांना इतकं माहीत असतं, की कोणी मुद्दाम सांगत नाही.

म्हणजे त्या चौदा पानांवरचे शब्द कोणी लपवण्यासाठी काढले नव्हते. जो शब्द आता खरा राहिला नाही तो हातानो-सान काढून टाकत होत्या. त्यांच्या हातात तेवढंच होतं.

पण मग फोटोखाली तारीख का नाही? मी त्या पानाचा इतिहास उघडला. आमच्या कामात प्रत्येक बदलामागे एक तिकीट असतं, म्हणजे कोणी काय मागितलं, का मागितलं, कोणी मंजूर केलं याची चिठ्ठी. तारीख आधी होती. आठ महिन्यांपूर्वी काढली गेली. तिकीट असं होतं, ‘एका पानावर दोन तारखा असल्याने वापरणारा गोंधळतो. जन्मतारीख ठेवावी, फोटोची तारीख काढावी.’ खाली नाव. लेले.

त्याखाली एकच कॉमेंट होती, जपानीत. ‘फोटोची तारीख कृपया ठेवावी. रंग पुढे सरकत राहतो. हातानो.’

त्याखाली माझं उत्तर. ‘बाय डिझाइन.’ म्हणजे हे असंच ठरवलेलं आहे, चर्चा नको. आणि तिकीट बंद.

मला ते आठवतही नव्हतं. त्या दिवशी मी अशी चाळीस तिकिटं बंद केली असतील. मी लॅपटॉप मिटला आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासायला घेतली. मुलगी काहीतरी विचारायला आली, माझं तोंड बघून तिने “दाइजोबु?” म्हणजे ठीक आहेस ना, एवढंच विचारलं. मी मराठीत “हो” म्हटलं. ते उत्तर कुठल्याच भाषेत खरं नव्हतं.

आता खरी लाजेची गोष्ट सांगते. मी सोमवारी हे कोणालाही सांगितलं नाही. मंगळवारीही नाही. कारण माझ्याकडे अजून कात होती. रंग सरकत असेल, पण नक्षी तर सरकत नाही. पिल्लू जन्मतं ती नक्षी मरेपर्यंत तशीच, आपल्या बोटांच्या ठशांसारखी. हे मी वाचून खात्री केली होती. खूण डावीकडून उजवीकडे गेली, त्याचं काय? मी त्या एका फोटोला घट्ट धरून बसले. हातानो-सान चोर ठरल्या तर माझं तिकीट कोणी उघडून बघणार नव्हतं. असं मी स्पष्ट शब्दांत मनाशी म्हटलं नाही, पण दोन दिवस माझी तीच इच्छा होती.

बुधवारी सकाळी वाकुई-सानचा फोन आला. “एकेचाळीसने कात टाकली. हातानो-सानची एक विनंती आहे. तुम्ही बघायला यावं.”

नाकानो-सानही बरोबर आले.  दुकानात हातानो-सान खालच्या मजल्यावर होत्या, अंगात पार्सलवाला निळा एप्रन. त्या आमच्यामागून वर आल्या आणि खोलीच्या दाराशी थांबल्या. किल्ली त्यांच्याकडे नव्हती. वाकुई-साननी दार उघडलं, जरा ओशाळूनच.

ड्रॉवर उघडला. मी मळकट जनावर बघायची तयारी केली होती. आतला साप चकचकीत होता. पिल्लूपणीसारखा लख्ख पिवळा नव्हे. मधासारखा, कडेने तपकिरी. पण स्वच्छ, नुकता धुतल्यासारखा. शेजारी ओल्या शेवाळात सबंध कात पडलेली.

वाकुई-साननी साप उचलून टेबलावर ठेवला. मी मोबाइलवर पिल्लूपणीचा फोटो लावला आणि वाकून बघितलं. डोक्यामागे, डावीकडे, तुटकी बांगडी. आत दोन ठिपके.



“पण कातीवर उजवीकडे आहे,” मी म्हटलं. माझा आवाज मलाच भांडखोर वाटला. मी माझा पुरावा, तो फोटो, पुढे केला. “हे बघा. याच पाकिटातलं.”

हातानो-साननी फोटो बघितला. मग माझ्याकडे बघितलं. मला वाटलं होतं त्या चिडतील. त्यांना फक्त नवल वाटलेलं दिसलं. त्यांनी ती ताजी कात उचलली, डोक्यामागचा तुकडा कात्रीने पोटाकडून कापला आणि टेबलावर सपाट केला. बांगडी उजवीकडे.

मग त्यांनी तो तुकडा नुसता पालथा केला.

बांगडी डावीकडे.

“साप कात ओठांपासून काढत जातो,” त्या म्हणाल्या. “मोजा काढतो तसा. आतली बाजू बाहेर येते. रेरे-सान, तुम्ही मोजा उलटा बघितलात.”

एवढंच. मग त्यांनी कपाटातली जुडी मागितली, एकामागून एक पाकिटं उघडली आणि तुकडे ओळीने मांडले, सगळे सुलट. सगळ्यात पहिला करंगळीएवढा अरुंद. शेवटचा तळहाताएवढा. प्रत्येकावर तीच बांगडी, तेच दोन ठिपके, डावीकडे. अडीच वर्षं एकच साप. मी त्या गुरुवारी एकच पाकीट उघडलं होतं. उरलेली उघडायची मला गरज वाटली नव्हती.

“गेल्या गुरुवारी तुम्ही हे मला का सांगितलं नाहीत?” मी विचारलं. निर्लज्ज प्रश्न होता.

“तुम्ही विचारलं नाहीत,” हातानो-सान म्हणाल्या. “मी वर आले तेव्हा जुडी बांधलेली होती. मला वाटलं, तुमची खात्री पटली.”

वाकुई-सान हातानो-सानपुढे कमरेत वाकले. बराच वेळ वाकून राहिले. नाकानो-सान माझ्या कानाशी हळूच म्हणाले, “परत गेल्यावर आपण लिहू, गरज नीट समजून घेण्यात उणीव राहिली.” ही आमच्या धंद्यातली ठरलेली भाषा. उणीव राहते. ती कोणी ठेवत नाही.

मला तो दरवाजा उघडा दिसत होता. निघून जाता आलं असतं. पण टेबलावर ते सगळे तुकडे ओळीने मांडलेले होते, प्रत्येकाच्या पाकिटावर तारीख, आणि मला माझ्या तिकिटावरच्या त्या दोन शब्दांची इतकी शरम वाटली, की मी मोबाइलवर तेच तिकीट उघडून वाकुई-सानपुढे धरलं.

“फोटोखालची तारीख मी काढायला लावली,” मी म्हटलं. “हातानो-साननी नको म्हणून लिहिलं होतं. मी न वाचल्यासारखं करून बंद केलं. ओसाकाच्या गिऱ्हाइकाला फोटो अडीच वर्षांपूर्वीचा आहे हे कळलं असतं, तर तो चिडला नसता. चूक माझी आहे. आणि हे मला रविवारपासून माहीत आहे.”

शेवटचं वाक्य बोलले नसते तरी चाललं असतं. नाकानो-साननी डोळे मिटले.

वाकुई-साननी खिशातून किल्ली काढली आणि दोन्ही हातांनी हातानो-सानपुढे धरली. त्यांनी ती लगेच घेतली नाही. आधी साप ड्रॉवरमध्ये ठेवला, पाण्याची वाटी सरळ केली, ड्रॉवर लावला. मग किल्ली घेतली, एप्रनच्या खिशात टाकली आणि ताज्या कातीसाठी नवं पाकीट काढलं. नंबर लिहिला, तारीख लिहिली, आपला शिक्का मारला.

आणि ते पाकीट माझ्याकडे सरकवलं.

“आजपासून दोन शिक्के,” त्या म्हणाल्या. “एक माझा. दुसरा, बघायला कोणी असेल त्याचा.”

आवाज अगदी नेहमीचा होता. टोमणा नव्हता त्यात. बावीस वर्षं त्यांचा एक शिक्का पुरत होता, एवढंच. जपानात आल्यावर पहिल्या आठवड्यात बँकेसाठी बनवलेला ‘रेरे’चा शिक्का माझ्या पर्समध्ये होता. मी तो त्यांच्या शिक्क्याशेजारी मारला. तो जरा तिरपा पडला.

पुढचं थोडक्यात. फोटोखाली तारीख परत आली, आणि वर्णनातल्या प्रत्येक शब्दाशेजारी तो शब्द कधी बघून लिहिला तेही. त्या चौदाही सापांची पाकिटं तपासली, सगळी जुळली. ओसाकाच्या गृहस्थांना वाकुई-साननी पत्र पाठवलं. ते परत आले नाहीत, पण त्यांनी साइटवर लिहिलेलं काढून टाकलं. एकेचाळीसला योकोहामातल्याच एका बाईंनी नेलं. त्या आल्या तेव्हा त्यांनी म्हणे हातानो-सानना पहिला प्रश्न विचारला, पिवळा अजून किती उतरेल? हातानो-सान म्हणाल्या, माहीत नाही. त्यावर त्या बाईंनी सही केली.

दुकानात अजून प्रत्येक पाकिटावर दोन शिक्के पडतात. वाकुई-सान म्हणतात, मी कितीदा सांगितलं, आता गरज नाही. हातानो-सान ऐकत नाहीत. दुसरा शिक्का मारायला माणूस मिळेपर्यंत त्या कात तशीच टेबलावर ठेवून वाट बघतात. हे मात्र मला दुरुस्त करता आलेलं नाही, त्यासाठी तिकीट नसतं.

आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, साप साप म्हणून भुई धोपटलीस. रागाच्या भरात तो शब्द तिने चक्क उच्चारला.

आमच्या टीममध्ये नवीन कोणी आलं, की मी त्याला एक नियम सांगते. बग सापडला की कोणावर बोट दाखवण्याआधी त्या पानाचा इतिहास उघडायचा आणि त्यात पहिल्यांदा स्वतःचं नाव शोधायचं. मीही तेच करते. पुष्कळदा सापडतं.